ओल्या लाकडाचा हिशेब

काशीच्या दुर्गाघाटावर गंगेकडे तोंड करून बसलं की डाव्या हाताला राजघाटाचा पूल दिसतो आणि उजव्या हाताला, पंचगंगा घाटापलीकडे, मणिकर्णिकेच्या चितांचा धूर. गंगा इथे उत्तरवाहिनी आहे, म्हणजे पाणी उजवीकडून डावीकडे जातं. लाकडाने भरलेल्या होड्या मात्र उलट दिशेने येतात. राजघाटाच्या बाजूला ट्रकमधून उतरवलेलं लाकूड चढवायचं आणि प्रवाहाविरुद्ध मणिकर्णिकेपर्यंत न्यायचं, हा त्यांचा रोजचा फेरा. होडी काठोकाठ भरलेली असते. पाणी आणि लाकूड यांच्यामध्ये चार बोटं फळी उरलेली दिसते, तेवढीच.

दुर्गाघाट हा काशीतला मराठी मुलूख. अठराव्या शतकात पेशव्यांना गुरुस्थानी असलेले नारायण दीक्षित पाटणकर काशीला आले, त्यांनी इथली जागा कोळ्यांकडून विकत घेतली, आणि दुर्गाघाट-ब्रह्माघाटाच्या बोळांत मराठी घरं वसली. वर ब्रह्मचारिणी देवीचं देऊळ आहे, नवदुर्गांपैकी दुसरीचं. काशीत देह ठेवायला आलेल्या कितीतरी मराठी म्हाताऱ्या माणसांनी याच पायऱ्यांवर बसून त्या होड्या जाताना पाहिल्या असतील. आपल्या वाट्याचं लाकूड कुठल्या होडीतून येणार, हा विचारही त्यांच्या मनात आला असेल. मी त्या होड्यांकडे बघत होतो ते वेगळ्या कुतूहलाने. हे एवढं लाकूड कुणीतरी तोडलं, ओढलं, चढवलं, उतरवलं. त्यातल्या कुणाचं पोट त्यावर नीट चालतं?

उत्तराची सुरुवात तराजूपासून करावी लागते. मणिकर्णिकेवर लाकूड मणावर विकतात. जुना सरकारी मण ३७ किलोंहून थोडा जास्त होता; आता सगळे सरळ ४० किलोंचा धरतात. एका चितेला साधारण ३०० ते ४०० किलो लाकूड लागतं, म्हणजे आठ-दहा मण. बहुतेक आंब्याचं. चंदन असतं ते श्रद्धेपुरतं. आता आंब्याचं झाड तोडलं त्या दिवशी त्याच्या वजनात पाणी किती असतं? ताज्या लाकडात निम्म्याच्या आसपास पाणी सहज असतं. समजा १०० किलो ताज्या लाकडात ४५ किलो पाणी आहे. खरं लाकूड ५५ किलो. ते नीट जळावं म्हणून वाळवलं आणि वजनाच्या २० टक्के ओल उरली, तर तराजूवर उरतात सुमारे ६९ किलो. एकतीस किलो हवेत गेले. चोरी नाही, फसवणूक नाही, नुसतं ऊन लागलं.

शिवाय ते वाळायला महिने लागतात. तोवर जागा लागते, राखण लागते, आणि अडकलेल्या पैशावर व्याज चढतं. ओलं विकावं तर गिऱ्हाईक बोंब मारणार, चिता धुमसणार. वाळवून विकावं तर वजन गेलं. म्हणून वखारवाल्याचा – उत्तरेत जिला टाल म्हणतात तिच्या मालकाचा – सगळा धंदा एका गोष्टीवर उभा आहे: ओलं लाकूड ओल्या भावात घेऊन ते वाळेपर्यंत थांबण्याची ऐपत. तोडणाऱ्याकडे ती ऐपत नसते. त्याला संध्याकाळी पीठ घ्यायचं असतं.

आणि काशीत थांबणंही सोपं नाही. श्रावण-भाद्रपदात गंगा चढते, मणिकर्णिकेच्या खालच्या पायऱ्या बुडतात, दहन वरच्या चबुतऱ्यांवर आणि गच्चीवर सरकतं. घाटावर रचलेल्या थप्प्या वर हलवाव्या लागतात, म्हणजे तेच लाकूड दोनदा उचलायचं. प्रवाह जोरात असताना भरलेली होडी वर चढवायला तेल जास्त जळतं. १९८६ साली राजीव गांधींनी काशीतच नदी स्वच्छ करण्यासाठीच्या गंगा कृती योजनेचा आरंभ केला. पुढे हरिश्चंद्र घाटावर विद्युत दाहिनी आली. लाकडाचा धंदा तिने मोडला नाही. हे लाकूड बहुतांशी रानातलं नाही, शेताच्या बांधावरचं आणि बागेतलं आहे. उत्तर प्रदेशात १९७६च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली आंबा तोडायला परवानगी लागते. शेतकरी तो कागद काढायला जात नाही. तो झाड उभंच्या उभं व्यापाऱ्याला देतो. परवानगीची दगदग व्यापाऱ्याची, आणि त्या दगदगीची किंमत तो झाडाच्या भावातून आधीच कापून घेतो.

याच गंगेवर लाकडाची सगळ्यात मोठी कमाई ज्याने केली तो काशीपासून फार वर, हर्सिलला राहत होता. फ्रेडरिक विल्सन नावाचा इंग्रज. १८५० साली त्याने टिहरीच्या राजाकडून जंगलतोडीचा हक्क मिळवला. वर्षाचा मक्ता? ४०० रुपये. देवदार तोडायचे, भागीरथीत सोडून द्यायचे, खाली मैदानात अडवून घ्यायचे. वाहतूक नदीने फुकट केली. पुढे रेल्वे आली आणि एका मैलाला १,७६० ते २,००० स्लीपर लागू लागले. विल्सनची गोष्ट पराक्रमाची म्हणून सांगतात. मला ती कराराची वाटते. १८६४ साली सरकारने त्याच टिहरीच्या जंगलांचा मक्ता वर्षाला १०,००० रुपयांवर घेतला, म्हणजे विल्सनच्या पंचवीस पट. डोंगर तोच, नदी तीच. कुऱ्हाड चालवणाऱ्या पहाडी माणसाच्या मजुरीतही पंचवीस पट फरक पडला असेल, असं कुणी समजू नये.

लाकडाच्या धंद्याला आणखी एक जुनं दुखणं आहे. झाड व्याजाच्या वेगाने वाढत नाही. सागाचं उत्तम लाकूड हवं असेल तर साठ-ऐंशी वर्षं थांबावं लागतं. आज हजार रुपये खर्चून लावलेल्या सागातून साठ वर्षांनी ३३,००० रुपये मिळाले, तर तो सहा टक्के चक्रवाढीने वाढला असं होईल. बारा टक्क्यांनी त्याच हजाराचे जवळजवळ नऊ लाख व्हायला हवेत. बारा टक्के हा काही सावकारी दर नाही, सावकार तर त्याहून कितीतरी वर जातो. झाड केव्हा तोडलं म्हणजे पैशाच्या दृष्टीने फायद्याचं, याचं गणित मार्टिन फाउस्टमान या जर्मन वनाधिकाऱ्याने १८४९ साली मांडलं. त्याचा सरळ अर्थ असा की व्याज जितकं महाग तितकं झाड लवकर कापलं जातं. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याच्या बांधावरचा साग हाताच्या मनगटाएवढा असतानाच का जातो, ते कळायला मात्र जर्मन गणिताची गरज नाही.

या चक्रवाढीची उलटी बाजूही आपण पाहिली. १९९०च्या दशकात सागवान लागवडीच्या योजनांचं पेव फुटलं होतं. आज दोन हजार भरा, वीस वर्षांनी लाखो घ्या. आमच्या घरीही कपाटात एक हिरवट कागदाचं प्रमाणपत्र होतं, त्यावर झाडाचा क्रमांकही होता. ते झाड आम्ही कधी पाहिलं नाही. १९९९ साली सेबीने अशा सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम केले तोवर पुष्कळांचे पैसे गेले होते. वडील ते प्रमाणपत्र पुढेही जपून ठेवत. का, ते त्यांनी सांगितलं नाही.

आता जो खरोखर कुऱ्हाड चालवतो त्याच्याकडे येऊ. महाराष्ट्रात ही गोष्ट तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातून सुरू करावी लागते. डहाणू, तलासरी, उंबरगावच्या रानात वारली आणि इतर आदिवासी ठेकेदारासाठी झाडं तोडत, गवत कापत. १९४५च्या वारली उठावानंतर, १९४६ साली, गोदावरी परुळेकर आणि किसान सभेच्या नेतृत्वाखाली जंगलकामाचा संप झाला. मागणी होती दिवसाला सव्वा रुपया मजुरीची. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे परुळेकरांचं पुस्तक वाचणाऱ्याला वेठीचं चित्र आठवतं. त्याच लढ्यात लाकडाच्या व्यापाऱ्याचा गल्लाही होता, हे सहसा निसटतं. मुंबईच्या बाजाराला जळण आणि इमारती लाकूड हवं होतं, भाव चढे होते, आणि तोडणारा हात मात्र आगाऊ दिलेल्या चार रुपयांत बांधलेला होता.

आदिवासींची स्थिती पाहण्यासाठी सायमिंग्टन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९३०च्या दशकाच्या अखेरीस जो अहवाल केला होता, त्याच्या पाठोपाठ मुंबई प्रांतातल्या बाळ गंगाधर खेर यांच्या सरकारने १९४७ साली जंगल कामगार सहकारी संस्थांचा मार्ग धरला. कल्पना साधी होती: कूप – म्हणजे त्या वर्षी तोडायला आखून दिलेला जंगलाचा तुकडा – ठेकेदाराला लिलावात देण्याऐवजी मजुरांच्याच संस्थेला द्यायचा. नफा मधल्यामध्ये जाणार नाही.

कल्पना साधी, पण पैशाचं वेळापत्रक साधं नव्हतं. कूप ताब्यात मिळतो पावसाळ्यानंतर. झाडांवर वनखात्याचा हातोडा पडलेला असतो, तेवढीच तोडायची. तोड, छाटणी, ओंडके करणं, बैलांनी ओढून गाडीरस्त्यापर्यंत आणणं, डेपोत थप्प्या लावणं, प्रत्येक ओंडक्याची लांबी-गोलाई नोंदवणं. मग लिलाव, ज्याला विदर्भात हर्रास म्हणतात. बोली ठरलेल्या किमतीपर्यंत चढली नाही तर तो लॉट पुन्हा पुढच्या हर्रासाला. मजुरांना पैसे आठवड्याला द्यावे लागतात. लाकडाचे पैसे महिन्यांनी येतात. मधली पोकळी भरायला संस्थेला कर्ज काढावं लागतं. कर्ज वेळेवर मिळालं नाही तर कोण पैसे देतो? पुष्कळदा तोच, ज्याला हटवण्यासाठी संस्था काढली. काही संस्थांवर जुन्या ठेकेदारांचा पडद्यामागून ताबा राहिला, यावर त्या काळी पुष्कळ लिहिलं गेलं. मला वाटतं त्यात नैतिकतेपेक्षा रोकड कमी पडल्याचा भाग मोठा होता.

ओंडक्याच्या मोजणीची एक गंमत इथेच सांगतो, कारण ती लाकूडबाजाराबाहेर फारशी कुणाला माहीत नसते. गोल लाकूड मोजताना गोलाईचा चौथा भाग घेतात, त्याचा वर्ग करतात आणि लांबीने गुणतात. अठराव्या शतकातल्या एडवर्ड हॉपस नावाच्या इंग्रजाच्या कोष्टकांवरून ही पद्धत हॉपस माप म्हणून ओळखली जाते. भूमितीने पाहिलं तर गोल ओंडक्याचं खरं घनफळ १०० असताना हे माप ७८.५ दाखवतं. साडेएकवीस टक्के कापताना वाया जाणार, असं आधीच धरलेलं. आरागिरणीत खरोखरच साल, फळ्यांच्या कडा आणि भुसा यांत त्याहूनही जास्त जातं, म्हणून व्यापारी हे माप न्याय्य मानतो. भावही त्या मापाला धरूनच ठरतो, तेव्हा यात लबाडी नाही. पण बांधावरचा साग पहिल्यांदाच विकणाऱ्या शेतकऱ्याने शाळेतलं घनफळाचं सूत्र लावून हिशेब केला असेल, तर त्याला धक्का बसतो.

पुढे कूपच आटले. १९८०चा वन संवर्धन कायदा, १९८८चं राष्ट्रीय वन धोरण – ज्यात जंगलाकडे महसूल म्हणून पाहण्याऐवजी पर्यावरण आणि स्थानिक लोकांच्या गरजा पुढे आल्या – आणि १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दिलेला आदेश, ज्याने मंजूर कार्ययोजनेशिवाय जंगलतोडीला बंदी केली. जंगलासाठी हे हवंच होतं, यात मला शंका नाही. पण जंगल कामगार संस्थांचं उत्पन्न त्याच मापाने कमी झालं. खाडाखोड झालेल्या वह्या, वर्षभराचा एखादा छोटा कूप आणि ‘कामगार’ शब्द असलेली पाटी, एवढ्यावर येऊन ठेपलेल्या संस्था कोकणातल्या तालुक्यांत भेटतात.

सगळ्यात खालची पायरी कातकरी आदिवासींची. दिवाळीनंतर रायगड-ठाण्यातली कातकरी कुटुंबं कोळशाच्या भट्ट्यांवर जातात. कधी घाटावर, कधी परजिल्ह्यात. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा भट्टीवाल्याकडून उचल घेतलेली असते. मग वाळलेलं लाकूड तोडायचं, रचायचं, मातीने लिंपायचं, रात्रंदिवस जागून भट्टी सांभाळायची; हवा आत शिरली तर कोळशाची राख होते. हिशेब पोत्यांवर. हंगाम संपताना पोत्यांचे पैसे आणि उचल समोरासमोर ठेवतात, आणि पुष्कळदा उचलच जड निघते. पुढल्या वर्षी पुन्हा त्याच भट्टीवर. आदिवासींसाठी सरकारने आणलेल्या खावटी कर्जाचा हेतू नेमका हाच पावसाळ्याचा खड्डा भरण्याचा होता. उपासमारीचे चार महिने ज्याच्या हातात, त्याच्या हातात पुढचे आठ महिने.

ऋतूने काम बंद पाडणं हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत वसंतात बर्फ वितळून रस्त्यांवर चिखल होतो. त्या आठवड्यांत लाकूडवाले घरी बसतात, जड ट्रकांना रस्ते बंद असतात. तिथे कुऱ्हाडीच्या जागी अवाढव्य यंत्रं आहेत, आणि यंत्राचा हप्ता चिखलातही चुकत नाही. जिवाचा हिशेबही वाईट. अमेरिकी सरकारच्या आकडेवारीत २०२२ साली लाकूडतोड्यांमध्ये दर एक लाख कामगारांमागे सुमारे १०० मृत्यू झाले, सगळ्या व्यवसायांत सर्वाधिक. झाड कुठे पडेल याचा अंदाज चुकतो, अडकलेली फांदी सुटते. आपल्याकडे असे मृत्यू कुठल्या रजिस्टरात जातात, हा प्रश्न मोकळाच राहतो. खासगी झाडं तोडणाऱ्या टोळीला हजेरीपटच नसतो.

आणि तरीही लाकूड महाग आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरच्या डेपोत आल्लापल्लीच्या सागाचे ओंडके पाहिले की यावर विश्वास बसतो. २९ मार्च २०२३ रोजी अयोध्येच्या राममंदिरासाठी १,८५५ घनफूट साग इथून पूजा करून, मिरवणुकीने पाठवण्यात आला. महाराष्ट्र वन विकास महामंडळ १९७४ पासून हा व्यवहार सांभाळतं. महामंडळ थांबू शकतं: त्याला डेपो आहे, छप्पर आहे, हर्रास पुढे ढकलण्याची मुभा आहे, आणि त्याच्या झाडावर कुणी बारा टक्क्यांनी व्याज मोजत नाही. साग सरकारच्या हाती टिकला याचं एक कारण जंगल कायदा असेल. दुसरं, सरकारला संध्याकाळी पीठ घ्यायचं नसतं.

शेतकऱ्याने थांबण्याचा काळ कमी करून पाहिला. १९८०च्या दशकात निफाडच्या विनायकराव पाटलांनी नाशिक जिल्ह्यात निलगिरी लावणाऱ्यांची सहकारी संस्था उभी केली. साठ वर्षांचा साग नको, पाच-सात वर्षांत बल्ली देणारी निलगिरी. हे डोकं चांगलं होतं, आणि संस्था असल्यामुळे शेतकरी एकेकटा व्यापाऱ्यापुढे उभा नव्हता. पण देशभर लाखो शेतकऱ्यांनी त्याच वर्षांत निलगिरी लावली होती. दशकाच्या अखेरीला सगळ्यांचं लाकूड एकदम बाजारात आलं आणि भाव कोसळले. कांद्याचं असं होतं हे नाशिककरांना कुणी शिकवायला नको होतं. झाडाचंही होतं, हे तेव्हा कळलं.

थांबण्याचा काळ आणि विकण्याचा हक्क, दोन्ही एकत्र जिथे आले ते ठिकाण गडचिरोलीत आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा). वनहक्क कायद्याखाली २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण हक्काचा बांबू तोडून गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागतो, आणि तो देणार वनखातं. कायद्याने जंगल गावाचं, पावती मात्र खात्याची. एप्रिल २०११मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्याचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती देण्यात आलं. गावचे नेते देवाजी तोफा आणि गावकऱ्यांनी त्या पुस्तकासाठी दिलेली झुंज मला सव्वा रुपयाच्या संपाइतकीच मोठी वाटते. बांबू तीन-चार वर्षांत तोडण्याजोगा होतो. निविदा ग्रामसभा काढते, मजुरी ग्रामसभा ठरवते. बांबू हे वनस्पतीशास्त्रात गवत. कायद्यात ते २०१७पर्यंत झाड होतं, आणि त्या वर्षीच्या दुरुस्तीने जंगलाबाहेरचा बांबू त्या व्याख्येतून सुटला. एवढी वर्षं गवताला झाड म्हणून चालवणाऱ्या कायद्याची किंमत बुरुडांनी आणि शेतकऱ्यांनी मोजली.

बांबू म्हणजे लाकूड नव्हे, हा आक्षेप मला मान्य आहे. सागाच्या साठ वर्षांचं कोडं मेंढ्याने सोडवलेलं नाही. तेवढं थांबायला माणसाच्या पाठीशी मोठी गंगाजळी लागते, किंवा नातवंडांच्या नावाने काही ठेवायची सवय.

दुर्गाघाटावर ऊन चढलं तशी सकाळची होडी मणिकर्णिकेवरून रिकामी परत आली. आता ती पाण्यावर उंच तरंगत होती, प्रवाहाबरोबर, बंद इंजिनाने. तिच्या तळातून उपसलेल्या पाण्याबरोबर सालींचे तुकडे वाहत आमच्या पायऱ्यांना लागले. खालच्या पायरीवर कपडे धूत असलेल्या बाईंनी ते एकेक करून वेचले, पिळल्यासारखे झटकले आणि वरच्या कोरड्या पायरीवर उन्हात ओळीने मांडून ठेवले.